सगळे एकत्र आले, मग काय घडलं?

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या चौकातून सुपरहीरोंचा नवा चित्रपट पाहायला निघालात, तर दक्षिणेला जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर (ओएमआर) नावलूरचं एजीएस आहे आणि त्याच भागात एगत्तूरच्या मरीना मॉलमधलं आयनॉक्स. पूर्वेला वळून ईस्ट कोस्ट रोड (ईसीआर) गाठलात तर कानत्तूरचं मायाजाल. उत्तरेला वेळचेरीच्या फिनिक्स मॉलमध्ये आयमॅक्सचा पडदा. एकच चित्रपट कुठे इंग्रजीत लागलेला असतो, कुठे तमिळमध्ये, कुठे एखाद्या खेळापुरता हिंदीत. आयटी कंपन्यांमुळे या पट्ट्यात मराठी घरं बरीच झाली आहेत. त्यांतली तरुण मुलं सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या अंकासाठी, मराठी मंडळाच्या पत्रिकेसाठी, गावाकडच्या साप्ताहिकासाठी अशा चित्रपटांवर लिहू पाहतात. लिहायला बसलं की मात्र गाडी कथासार, मग ‘व्हीएफएक्स जबरदस्त’, मग साडेतीन तारे, या ठरलेल्या रुळावरून जाते. हा लेख त्या मुलांसाठी आहे. त्यातही विशेषकरून ज्या चित्रपटात पाच-सहा नायक एका पडद्यावर येतात त्याच्या परीक्षणासाठी, कारण तिथे नेहमीच्या परीक्षणाची पद्धत अपुरी पडते.

एका नायकाच्या चित्रपटात आपण त्या माणसाचा प्रवास पाहतो. तो कोण होता, त्याच्यावर काय गुदरलं, शेवटी तो कुठे पोचला. नायकांची फौज असलेल्या चित्रपटाला हाच प्रश्न लावला की परीक्षणाची हजेरीपत्रिका होते: अमक्याचं काम छान, तमक्याला वाव नाही, तिसरा लक्षात राहतो. अशा चित्रपटात पाहायची गोष्ट माणसांच्या मधल्या जागेत असते. हे लोक एकमेकांना भेटले नसते तर जे घडलंच नसतं, असं काय घडलं? भेटीमुळे कुणात काय बदललं? हा एक प्रश्न घट्ट धरून ठेवा. पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं याच प्रश्नाच्या पोटातलं आहे.

मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही. जुलै १९२१ मध्ये मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन अव्वल गायक नट एका रंगमंचावर. नाटक नवं नव्हतं. खाडिलकरांचं ‘मानापमान’ १९११ पासून रंगभूमीवर होतं आणि त्यातली पदं लोकांच्या ओठांवर होती. तरी त्या प्रयोगाची आठवण मराठी रंगभूमी शंभर वर्षं सांगते आहे. दोघं चांगलं गातात हे रसिकांना आधीच ठाऊक होतं. समोर तोडीस तोड माणूस उभा असताना प्रत्येकाचं गाणं कुठे जातं, हे पाहायला ते आले होते. सुपरहीरोंच्या चित्रपटाला जाताना हीच उत्सुकता मनात घेऊन जा आणि ती भागली की नाही हे परीक्षणात लिहा.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सरावासाठी नवा चित्रपट लागायची वाट पाहू नका. आठवडाभरात थोडी थोडी करून ‘जस्टिस लीग’ची दोन्ही रूपं पाहा. पहिलं नोव्हेंबर २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आलं, १२० मिनिटांचं. दिग्दर्शक झॅक स्नायडर मधेच बाजूला झाले होते आणि जॉस व्हीडन यांनी नवी दृश्यं चित्रित करून ते पुरं केलं होतं. दुसरं मार्च २०२१ मध्ये आलं. स्नायडर यांच्या मनातलं, २४२ मिनिटांचं. नट तेच, खलनायक तोच, तीन पेट्यांची भानगड तीच, लढाईच्या जागाही बहुतेक त्याच. समीक्षा शिकणाऱ्याला अशी संधी क्वचित मिळते.

दोन्हींत सायबॉर्गवर, म्हणजे व्हिक्टर स्टोनवर नजर ठेवा. छोट्या रूपात तो हुडी घातलेला, यंत्रांशी बोलणारा, गरज पडेल तेव्हा माहिती पुरवणारा पोरगा आहे. मोठ्या रूपात तो महाविद्यालयाच्या संघातला फुटबॉलपटू आहे, त्याचा बाप सामना पाहायला आलेला नाही, आई आलेली आहे. परतताना अपघात होतो, आई जाते आणि बाप आपल्या प्रयोगशाळेतली परग्रहावरची पेटी वापरून मुलाला अर्धा यंत्र करून जगवतो. जगातल्या सगळ्या बँकांची दारं आता त्याला उघडी आहेत. त्या ताकदीचं तो काय करतो? हॉटेलात राबणाऱ्या, पोरं सांभाळणाऱ्या एका कंगाल बाईच्या खात्यात पैसे टाकतो. पुढे बाप सायलस मुलाच्या डोळ्यांदेखत मरतो. पेटी प्रयोगशाळेत इतकी तापवतो की ती शत्रूच्या हाती गेली तरी तिचा माग काढता यावा. छोट्या रूपात हा बाप शेवटपर्यंत जिवंत आहे, म्हणजे त्याने काही दिलेलंच नाही.

मग शेवटची लढाई पाहा. पेट्या वेगळ्या करायला व्हिक्टरच आत शिरू शकतो. मोठ्या रूपात त्या पेट्या त्याला आई-बाप परत मिळाल्याचं, शरीर पूर्ववत झाल्याचं दृश्य दाखवून फितवायला पाहतात आणि तो नकार देतो. त्याला आत पोचवायला संघातल्याच फ्लॅशला प्रकाशापेक्षा वेगाने धावून काळ मागे फिरवावा लागतो, आणि खलनायकाला अडवून ठेवायला बाकीचे तिथे लागतात. एक जरी कमी असता तरी काम झालं नसतं. छोट्या रूपात याच जागी धोक्यात सापडलेलं एक रशियन कुटुंब घातलं आहे. नायकांनी कुणाला तरी वाचवलं पाहिजे म्हणून. संकट बाहेरून आणून ठेवलंय आणि कुणाच्याही आत काही हललेलं नाही. माझं मत स्पष्ट आहे: चार तासांचा चित्रपट काही ठिकाणी अनावश्यक लांबला आहे, हळू चालीतली दृश्यं त्यात जरुरीपेक्षा जास्त आहेत, तरी संघाची गोष्ट म्हणून तो कितीतरी सरस आहे. तुम्हाला उलट वाटलं तरी हरकत नाही. फक्त असंच एखादं पात्र हाती धरून, दृश्यं दाखवून तुमचं म्हणणं मांडा.

लढाईच्या दृश्यांबद्दल लिहिताना बहुतेकांची लेखणी अडखळते. ‘थरारक’, ‘श्वास रोखून धरायला लावणारी’ अशा विशेषणांनी वाचकाला काहीच दिसत नाही. त्याऐवजी एखादाच शॉट निवडा आणि तो क्रमाने सांगा. २०१२च्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये न्यूयॉर्कच्या लढाईत एक लांबलचक शॉट आहे. ब्लॅक विडो शत्रूच्या उडत्या वाहनावर झुंजते आहे. शेजारून आयर्न मॅन झेपावत येतो, तिच्या मागे लागलेल्यांना टिपतो आणि खाली कॅप्टन अमेरिकेजवळ उतरतो. आपला किरण कॅप्टनच्या ढालीवर सोडतो, ढालीवरून परावर्तित झालेला किरण भोवतीच्या शत्रूंना लोळवतो. पुन्हा उड्डाण, इमारतीच्या कडेवर हॉकआय, त्याचा बाण, बाणामागोमाग कॅमेरा, आणि शेवटी अजस्र प्राण्याच्या पाठीवर लढणारे हल्क आणि थॉर. प्राणी कोसळतो, दोघं शेजारी शेजारी उभे राहतात, क्षणभर शांतता, आणि हल्क थॉरला एक ठोसा लगावून पडद्याबाहेर भिरकावतो.

हा शॉट संगणकावर जोडलेला आहे, खऱ्या अर्थाने सलग नाही. त्याने फरक पडत नाही. महत्त्वाचं हे की एकाची कृती जिथे संपते तिथून दुसऱ्याची सुरू होते, आणि ढालीवरच्या किरणात तर दोघांची ताकद मिळून तिसरीच काहीतरी तयार होते. चित्रपटात काही वेळापूर्वी यांतलीच बहुतेक माणसं उडत्या विमानवाहू जहाजावर एकमेकांची उणीदुणी काढत होती. म्हणजे भांडण मिटल्याचं एक अक्षर न बोलता सांगितलं आहे. शेवटचा ठोसा सांगतो की सगळंच काही मिटलेलं नाही. असा एक शॉट वाचकापुढे नीट ठेवलात तर ‘अ‍ॅक्शन उत्तम आहे’ हे वाक्य लिहायची गरज उरत नाही. आणि हीच कसोटी उलटीही लावता येते. जिथे पाच नायक पाच कोपऱ्यांत आपापल्या शत्रूशी वेगवेगळे लढतात आणि संकलक नुसता एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारतो, तिथे पडद्यावर माणसं पाच असतात, संघ नसतो. तसं लिहा.

‘द मार्व्हल्स’ या २०२३च्या चित्रपटाकडे या नजरेने पुन्हा पाहण्यासारखं आहे. त्यातल्या तिघींनी एकाच वेळी शक्ती वापरल्या की त्यांच्या जागांची अदलाबदल होते. म्हणजे एकमेकींची अडचण कथेच्या मुळातच आहे. खलनायिका कच्ची असूनही, तिघी एकत्र दोरीवरच्या उड्या मारत त्या अदलाबदलीचा ताल साधायला शिकतात तेव्हा चित्रपट जिवंत होतो. परीक्षणांत त्याची बोळवण फार घाईने झाली असं मला वाटतं.

पाहुणा नायक आणि सहभागी नायक यांत फरक करायला शिका. विशेषतः चेन्नईत राहून लिहिणाऱ्याला हे जमलंच पाहिजे, कारण इथे पाहुण्याच्या प्रवेशाला जी शिट्टी पडते तिने भले भले वाहून जातात. लोकेश कनगराज यांच्या ‘विक्रम’मध्ये, २०२२ साली, अगदी शेवटी सूर्या रोलेक्स म्हणून येतो. काही मिनिटांचं काम, पण पुढच्या चित्रपटांना पुरेल एवढी दहशत. ते पाहुणेपण आहे आणि पाहुणेपण म्हणून ते उत्तम आहे. दुसरीकडे २०२१चा ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ घ्या. तिथे आधीच्या मालिकांतले दोन स्पायडर-मॅन येतात तेव्हाही चित्रपटगृह डोक्यावर घेतलं जातं. पण खरी भेट नंतर घडते. उंचावरून पडणाऱ्या एमजेला अँड्र्यू गारफिल्डचा पीटर झेलतो. २०१४च्या चित्रपटात तो आपल्या मैत्रिणीला, ग्वेनला, वाचवू शकला नव्हता. इथे दुसऱ्याच्या जगात, दुसऱ्याची मैत्रीण हातात सुखरूप आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा बघा. दोन जगं एकत्र आणण्याचं कारण त्या चेहऱ्यावर आहे. प्रेक्षकांचा गजर ही परीक्षणात नोंदवण्याजोगी गोष्ट आहे. जरूर नोंदवा, ‘इथे लोक उठून उभे राहिले’ असं. पण तो गजर जुन्या ओळखीला होता की नव्या घटनेला, हे ठरवणं तुमचं काम आहे.

खलनायकाबद्दल फार पसारा नको. त्याची ताकद मोजू नका, त्याला संघात फट कुठे आहे हे कळलंय का ते पाहा. ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’मधला झेमो साधा माणूस आहे. तो एक जुनी चित्रफीत दाखवतो आणि टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, व कॅप्टन एकमेकांच्या जिवावर उठतात. आकाशातून उतरणाऱ्या सैन्यांनी जे साधलं नाही ते एका टेपने साधलं.

मागचं किती पाहून जायचं, हा प्रश्न हमखास येतो. ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ मार्व्हलच्या मालिकेतला बाविसावा चित्रपट होता. ‘विक्रम’च्या आदल्या दिवशी लोकेश कनगराज यांनी पत्र लिहून प्रेक्षकांना आपला आधीचा ‘कैदी’ पुन्हा पाहून या असं सांगितलं होतं. परीक्षण लिहिणाऱ्याने तयारी करून जायचंच, त्याला सुट्टी नाही. पण लिहिताना डोळ्यांपुढे वेगळा वाचक ठेवा. ओएमआरवरच्या मोठमोठ्या गृहसंकुलांत साताऱ्याहून, अकोल्याहून नातवंडं सांभाळायला आलेल्या कितीतरी मावश्या आणि आजोबा आहेत. रविवारी लेक-सून त्यांनाही सोबत घेऊन जातात. अंधारात तीन तास बसून त्या मावशींच्या पदरात काय पडेल, हे तुमच्या परीक्षणातून कळायला हवं. ‘मल्टिव्हर्सची संकल्पना मागील भागात प्रस्थापित झाली आहे’ या वाक्याने त्यांना काहीच कळत नाही. ‘या गोष्टीत एकाच माणसाची वेगवेगळ्या जगांतली रूपं एकमेकांना भेटतात, जाण्याआधी अमुक एक चित्रपट पाहिलात तर ओळखीची माणसं ओळखीची वाटतील’, असं लिहिलंत तर सून तेवढा एक चित्रपट आधी घरी लावून देईल. मागच्या एकवीसांची यादी देऊ नका. नेमका एक, फार तर दोन सांगा. ते निवडता येत नसतील तर चित्रपट स्वतःच्या पायांवर उभा नाही, हाही निष्कर्षच झाला.

अर्धवट राहणाऱ्या गोष्टींचं काय? ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ जून २०२३ मध्ये भारतात मराठीसह दहा भाषांमध्ये आला आणि ऐन मोक्याला थांबला. अनेकांनी त्याचे गुण त्यासाठी कापले. मला ते पटत नाही. त्यातला मुंबईची छाया असलेल्या ‘मुंबॅटन’ नगरीचा भाग पाहा. तिथला पवित्र प्रभाकर हा स्पायडर-मॅन हसतखेळत जगतो आहे, केसांचं कौतुक, गर्दीवर प्रेम, एक मैत्रीण. पाहुणा म्हणून आलेला माइल्स, म्हणजे या चित्रपटाचा नायक स्पायडर-मॅन, त्या मैत्रिणीच्या वडिलांना, पोलीस अधिकारी सिंग यांना, मरणाच्या दारातून ओढून काढतो. आणि त्याच चांगल्या कामामुळे त्या जगाला भगदाड पडतं. एका नायकाने दुसऱ्याच्या घरी येऊन केलेल्या उपकाराची ही किंमत. चित्रपटाचा पुढचा सगळा झगडा इथून निघतो. गोष्ट पुढच्या भागात संपणार असली तरी भेटीचा परिणाम याच भागात झालेला आहे, आणि तेवढा मला पुरतो. गोष्ट अपुरी आहे हे वाचकाला पहिल्या परिच्छेदातच सांगून टाका म्हणजे तो चिडणार नाही.

कोणत्या भाषेत पाहिलात हे परीक्षणात लिहायलाच हवं. ही केवळ माहिती नाही. संघाच्या चित्रपटात गंमत बरीचशी बोलण्याच्या फरकातून येते: स्टार्कचं भरभर टोमणे मारणं, थॉरचं पोथीतल्यासारखं भारदस्त बोलणं, कॅप्टनचं सरळसोट. भाषांतरात सगळे एकाच सुरात बोलू लागले की संघच सपाट होतो. २०१९ मध्ये ‘एंडगेम’च्या तमिळ आवृत्तीसाठी संवाद ए. आर. मुरुगदास यांनी लिहिले, आयर्न मॅनला आवाज विजय सेतुपती यांनी दिला, ब्लॅक विडोला अँड्रिया जेरेमाया यांनी. नावं मोठी, पण वर्षानुवर्षं दुसऱ्या आवाजाची सवय झालेल्या इथल्या चाहत्यांनी नाराजी उघड बोलून दाखवली. सेतुपती यांचा आवाज ऐकताच डोळ्यांपुढे सेतुपतीच उभे राहतात, स्टार्क नाही, हे त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. मराठी वाचकाला हे परकं वाटणार नाही. ‘पुष्पा’च्या हिंदी आवृत्तीत श्रेयस तळपदे यांचा आणि ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत शरद केळकर यांचा आवाज पात्राला किती चिकटून बसला हे आपण ऐकलं आहे. तमिळ येत असेल तर तमिळ खेळ जरूर पाहा. येत नसेल तर इंग्रजी पाहा, पण मग तमिळ आवृत्तीवर शेरा मारू नका. आणि आवाज देणाऱ्यांची नावं कळली तर परीक्षणात द्या. ती द्यायचं बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

चित्रपटगृहात फोन काढून टिपणं करू नका. मागच्याला त्रास होतो आणि तुमचंही लक्ष उडतं. खिशात मावेल अशी वही आणि बॉलपेन पुरे. अंधारात पूर्ण वाक्यं लिहिण्याच्या भानगडीत पडू नका, एकेक शब्द लिहा: ‘ढाल-किरण’, ‘बापाचा हात’, ‘तिघी दोरी’. घरी गेल्यावर त्या एका शब्दावरून सगळं दृश्य उभं राहतं. लिहिताना मध्यंतराबाबत सावध राहा. हॉलिवूडचा चित्रपट मध्यंतर धरून बांधलेला नसतो. १८१ मिनिटांचा ‘एंडगेम’ सलग पाहण्यासाठी केलेला होता. आपल्याकडे चित्रपटगृह सोयीने कुठेतरी तो थांबवतं. त्यामुळे ‘मध्यंतराच्या बिंदूला हवा तसा धक्का नाही’ असलं वाक्य हिंदी किंवा तमिळ चित्रपटाला लागू पडेल, इथे नाही. पॉपकॉर्नचा डबा घेऊन परत येईपर्यंत तुटलेली लय ही दिग्दर्शकाची चूक धरू नका.

शेवटची नामावली संपेपर्यंत बसा. पुढच्या चित्रपटाची चुणूक दाखवणारं दृश्य असतं म्हणून सगळेच बसतात. तुम्ही त्या वेळात नावं वाचा. दृश्यपरिणामांच्या यादीत भारतीय नावांच्या रांगा असतात. ‘इन्फिनिटी वॉर’ आणि ‘एंडगेम’ या दोन्हींवर काम केलेल्या डीएनईजी या कंपनीची चेन्नईत शाखा आहे. याच शहरात रात्रपाळ्या करून ही कामं पुरी करणारी मुलं आहेत. ‘व्हीएफएक्स फालतू’ असं दोन शब्दांत उडवून लावण्याआधी नेमकं काय खटकलं ते बघा. २०१७च्या ‘जस्टिस लीग’मध्ये सुपरमॅनचा वरचा ओठ विचित्र दिसतो. नव्याने चित्रण ठरलं तेव्हा हेन्री कॅव्हिल यांनी दुसऱ्या चित्रपटासाठी मिशा राखल्या होत्या आणि त्या संगणकावर पुसाव्या लागल्या. दोष आहेच, पण तो निर्मितीच्या वेळापत्रकाचा आहे. कारण माहीत असेल तर तेही लिहा, वाचकाला न्याय्य वाटतं.

किती सांगायचं आणि किती झाकायचं? पहिल्या आठवड्यात माझा नियम साधा आहे: मध्यापर्यंतची गोष्ट मोकळेपणाने, पुढची फक्त परिणामाच्या भाषेत. कोण मरतं, कोण परततं, हे नाही. ‘एंडगेम’च्या वेळी दिग्दर्शक रुसो बंधूंनी शेवट फोडू नका म्हणून जाहीर विनवणी केली होती. याउलट १ मे २०२५ ला आपल्याकडे आलेल्या ‘थंडरबोल्ट्स’च्या बाबतीत निर्मात्यांनीच काही दिवसांत पोस्टरवर ‘द न्यू अ‍ॅव्हेंजर्स’ हे नाव झळकवून शेवटचं गुपित सांगून टाकलं. त्यांनी फोडलं म्हणून तुम्हीही फोडायला मोकळे, असं होत नाही. तसंही त्या चित्रपटाची खरी ताकद त्या नावात नाही. सगळ्यांना गिळू पाहणारा काळोख तिथे ठोशांनी हरत नाही, बॉब नावाच्या खचलेल्या माणसाला बाकीच्यांनी धरून ठेवल्यावर तो ओसरतो. आता, एवढ्या काळानंतर, हे लिहिता येतं. पहिल्या शुक्रवारी मी ‘शेवटची लढाई वेगळ्या प्रकारे सुटते, आणि ती एकट्याला सोडवता आली नसती’ एवढंच लिहिलं असतं. त्यातून वाचकाला चित्रपटाचा स्वभाव कळतो, आणि त्याचा शेवट त्याच्यासाठी शाबूत राहतो.

गुणांचं काय, असं विचाराल. तमिळ ‘आनंद विकटन’ साप्ताहिकाची शंभरपैकी गुण देण्याची परंपरा आहे. भारतीराजांच्या ‘१६ वयदिनिले’ला मिळालेले साडेबासष्ट गुण आजही इथले लोक सांगतात. ते गुण लक्षात राहिले कारण विकटन हात आखडता ठेवून गुण देई. अंकाच्या संपादकांनी मागितले तर तारे द्या, पण लेख पूर्ण झाल्यावर. आधी तारे ठरवले की लेख त्यांची वकिली करत बसतो.

तुम्ही एखाद्या नायकाचे कट्टर चाहते असाल तर ते एका ओळीत सांगून टाका आणि पुढे जा. चाहता असणं दोष नाही. लपवणं दोष आहे. फुकट तिकीट मिळालं असेल तर तेही सांगा. परीक्षणाच्या स्वातंत्र्याची किंमत या शहरात राहणाऱ्यांना ठाऊक असायला हवी. ‘कंगुवा’ हा तमिळ चित्रपट नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, त्यानंतर पहिले तीन दिवस परीक्षणांवर बंदी घालावी म्हणून तमिळ निर्मात्यांची एक संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने डिसेंबरमध्ये तशी अंतरिम बंदी घालायला नकार दिला. निर्मात्यांच्या तक्रारीत तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. चित्रपटगृहाच्या दारात माइक पुढे करून दहा सेकंदांत काढून घेतलेल्या शिव्या म्हणजे परीक्षण नव्हे. पण त्याला उत्तर बंदी नाही. पाहून, विचार करून, कारणं देऊन लिहिलेली परीक्षणं वाढणं हेच उत्तर, आणि त्यात शोळिंगनल्लूरच्या सोसायटीच्या अंकातल्या सातशे शब्दांचाही वाटा आहे.

सातशे शब्द हे माप मनात धरा. त्यातले शंभर-सव्वाशेच कथेला. निदान दोनशे एका दृश्याला, वर सांगितलं तसं क्रमाने. उरलेल्यांत संघातली दोन नाती निवडा, सहाही पात्रांना न्याय देण्याच्या फंदात पडू नका. भाषा आपली ठेवा. ‘कॅरेक्टर आर्क’, ‘केमिस्ट्री’, ‘एंगेजिंग’ हे शब्द लिहिण्यापूर्वी तेच मावशींना तोंडी सांगायचं झालं तर कसं सांगाल ते मोठ्याने बोलून बघा. बहुतेक वेळा त्यातच नेमकं वाक्य सापडतं. पात्रांची आणि नटांची नावं देवनागरीत एकाच पद्धतीने लिहा, पहिल्या परिच्छेदात ‘थॅनॉस’ आणि चौथ्यात ‘थानोस’ असं नको.

आणि छापायला देण्याआधी हा मजकूर चित्रपट न पाहिलेल्या एका माणसाला वाचायला द्या. वाचून झाल्यावर त्याला एवढंच विचारा: यातलं कोण कुणाला भेटलं, आणि भेटून कुणाचं काय झालं? त्याला सांगता आलं नाही तर कथेतले पन्नास शब्द कापा, तेवढे त्या दृश्याला द्या, आणि त्यालाच पुन्हा वाचायला द्या.